उत्तरेकडची कोरडी जागा

किलब्रॅकन,
सोमवार, ४ जून १९७३

कॅनिस,

काल दुपारी साडेबारा वाजता तुझ्या नदीकडच्या फाटकापाशी सात माणसं आणि सात सायकली उभ्या होत्या आणि फाटकाला कुलूप होतं. कुलूप नवंकोरं, दुकानाची चिठ्ठीसुद्धा त्यावर तशीच. मी आधी फाटक हलवून पाहिलं, मग हाका मारल्या. तू गवत साठवायच्या छपराखाली उभा होतास, तुझी टोपी मला दिसत होती. माझी हाक ऐकलीस, पाठ फिरवलीस आणि आत निघून गेलास. सख्खा भाऊ, आणि दारात आलेल्या परक्यालाही कुणी देणार नाही ती वागणूक तू मला दिलीस.

आम्ही सकाळी आठला निघालो होतो. नऊ कमानींच्या पुलावर थांबलो, पाणचक्कीच्या बंधाऱ्यावर बगळा पाहिला, गोल मनोऱ्याच्या पायथ्याशी औषधवाल्या टोबिनच्या चाकाचं पंक्चर काढलं. बावीस मैल झाले. सगळ्या वाटेवर मी या लोकांना सांगत आले की हे तर काहीच नाही, खरी गोष्ट शेवटी आहे. क्लूनबेगचा मठ, नदीला लागून, छप्पर उडालेलं पण भिंती उभ्या, आत दगडी बिशप आणि त्याच्या पायाशी दगडी कुत्रा. आणि वाट माझ्या भावाच्या शेतातून, म्हणजे घरचीच. मोठ्या तोऱ्यात सांगितलं मी. हॉलंडहून आलेलं एक जोडपं बरोबर होतं. त्यातल्या बाईनं मला हळूच विचारलं, "हा शेतकरी फार रागीट आहे का?" तो माझा भाऊ आहे हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फिलोमिना स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसली. तिनं हात वर केला आणि लगेच खाली घेतला. तुझी बायको दर वेळी चहाची किटली आणि सोडा ब्रेड घेऊन आमच्यामागून मठापर्यंत चालत येते, आमच्यात बसते, हसते. काल तिलाही तू दम भरला असशील.

आईची कबर मठात आहे. बाबा तिच्या उजवीकडे आहेत. डाव्या हाताला माझी जागा आहे, हे आईनंच ठरवून ठेवलंय. टायननच्या रानातून जाणारी वरची वाट झाडांच्या लागवडीखाली गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तुझ्या फाटकातून नदीकाठानं जाते ती एकच वाट उरली आहे. आईला भेटायला मी आता पोहत यायचं का?

किल्ली पाठव. पोस्टानं पाठवलीस तरी चालेल.

डिम्फना

◆

क्लूनबेग,
९ जून

डिम्फना,

किल्ली मिळणार नाही.

चाळीस वर्षं तू वर्गात मुलांवर ओरडलीस, ती खोड अजून गेली नाही. मी तुझ्या वर्गात बसत नाही. बाबांनी तुला शिकवलं आणि मला नांगराला जुंपलं, ही वाटणी तेव्हा तुला चालली होती. मग जमीन माझी, जमिनीचं फाटक माझं, आणि फाटकाचं कुलूपही माझंच.

कारण हवंय तर ऐक. तुझ्या सायकलवाल्यांनी फाटक उघडं टाकलं आणि माझ्या चार कालवडी बंधाऱ्याच्या चिखलात रुतल्या. दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढून काढल्या, एक तर मेलीच असती. संत्र्याच्या साली, कागद, रिकाम्या बाटल्या मी उचलायच्या. आणि हे सगळं कशामुळे, तर तू ती पुस्तिका काढलीस. 'नोर नदीकाठी सायकलने.' पोस्टात ठेवलीय, वाचनालयात ठेवलीय. माझ्या शेताचा नकाशा काढून तू गावाला वाटलास. मला विचारलंस का एकदा तरी?

दगडी बिशप आठशे वर्षं तिथे पडलाय. तो तुझी वाट बघत नाही.

फिलोमिनाला मी दम भरलेला नाही. तिला मधे आणू नकोस. हे मी एकदाच सांगतो.

कॅनिस

◆

किलब्रॅकन,
१३ जून

कॅनिस,

कालवडी रुतल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा तू स्वतः चिखलात गुडघाभर उभा राहून हसत होतास आणि टोबिनला म्हणालास, "औषधवाले, गाईला द्यायची गोळी आहे का?" त्या दिवसापासून फाटक मी स्वतः लावते, शेवटची सायकल बाहेर आली की माणसं मोजून लावते. तेव्हा कालवडींचं तुणतुणं माझ्यापुढे वाजवू नकोस. दोन वर्षं राग पोटात ठेवून आता कुलूप लावणारा माणूस तू नाहीस. तुला राग आला की त्याच मिनिटाला ताटं हलतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

खरं कारण मला कळलंय. नदीकाठच्या जमिनी विकत घ्यायला कुणी परदेशी माणूस हिंडतोय, असं टोबिनच्या दुकानात ऐकलं. गिऱ्हाइकाला वाट नसलेली जमीन हवी असते. लोक येत-जात नाहीत हे दाखवायला आधी कुलूप, मग करार. आईबापांच्या थडग्यांसकट विकणार आहेस का? तोंडानं सांगायची लाज वाटली म्हणून कुलपाकडून सांगवलंस.

आता एक गोष्ट नीट कान उघडून ऐक. १९ ऑगस्टला कबरींचा रविवार आहे. दर वर्षी सगळी पंचक्रोशी फुलं घेऊन मठात येते, फादर येतात, कबरींवर पाणी शिंपडतात. त्या दिवशीही कुलूप ठेवणार? म्हाताऱ्या बायकांना कुंपणावरून उड्या मारायला लावणार?

आणि मी मेले की मला कुठून नेणार आहेस? की नदीत सोडून देणार, आपोआप लागेन म्हणून मठाला?

डिम्फना

◆

क्लूनबेग,
२० जून

डिम्फना,

मी काही विकत नाही. टोबिनच्या दुकानात औषधं कमी आणि गप्पा जास्त विकल्या जातात. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तू मरणाचं काढलंस म्हणून सांगतो. बाबा काय म्हणायचे ते विसरलीस? ज्या जमिनीवरून एकदा शवपेटी नेली ती वाट कायमची सगळ्या जगाची होते. मग मालकानं कपाळ फोडून घेतलं तरी ती बंद करता येत नाही. म्हणून तर आईला त्यांनी वरून टायननच्या रानातून नेलं, पावसात, दीड मैल. मी पुढच्या बाजूला खांदा दिला होता. जवळची वाट समोर दिसत होती आणि बाबा म्हणाले, "नदीकाठानं नाही." बाबांनाही मी वरूनच नेलं. नदीच्या वाटेवरून या घरातून एकही शवपेटी गेलेली नाही आणि जाणार नाही.

तुला शहरातल्या दफनभूमीत चांगली जागा मिळेल. तिथे डांबरी रस्ता आहे, सायकल थेट आत जाते.

कबरींच्या रविवारी फादरांनी यंदा रस्त्यावरून पाणी शिंपडावं. देवाला फाटकातून यावं लागत नाही.

कॅनिस

◆

किलब्रॅकन,
२४ जून

कॅनिस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी वकिलाकडे गेले. पेटीची गोष्ट ऐकून तो खुर्चीत मागे रेलून हसला. असा कायदा कुठेही नाही, कधी नव्हता. म्हाताऱ्यांनी चुलीपाशी सांगितलेली गोष्ट आहे, आणि एकसष्ट वर्षांचा घोडा ती धरून बसलाय. सख्ख्या बहिणीला आईपासून तोडायला तुला हे सापडलं. शहरातली दफनभूमी म्हणे. तू पड जाऊन डांबरी रस्त्याच्या कडेला.

आता माझं ऐक. १९ ऑगस्टला मी येणार. एकटी नाही. बावीस सायकली येतील आणि टोबिनच्या कॅरिअरवर कुलूप कापायची मोठी कात्री असेल. पोलीस बोलावलेस तरी बोलाव. सार्जंटची आजीसुद्धा मठातच आहे.

आणि पुस्तिकेबद्दल बोललास ना? तिच्या तीनशे प्रती गेल्या आहेत. तू ती उघडूनही पाहिली नसशील, म्हणून नववं पान उतरवून देते: "मठाच्या उत्तरेच्या भिंतीबाहेर, अ‍ॅशच्या झाडाखाली, एक कोरडी गवताळ जागा आहे. वारा लागत नाही, समोर नदी दिसते. बसायला लहान लहान दगड आयते पडलेले आहेत. जेवणाचा डबा इथेच उघडावा." हे वाचून लोक येणार, कॅनिस. तू एक कुलूप लावलंस तर ते दुसरीकडून चढून येतील. तुझ्या शेतातलं सगळ्यात सुंदर ठिकाण मी जगाला दाखवलं आणि तू माझ्यावर गुरगुरतोस. फिलोमिनाला त्याची किंमत कळते. ती तिथे बसून सगळ्यांना ब्रेड कापून देते आणि म्हणते, इथे आलं की मला बरं वाटतं. तिच्याकडून थोडी माणुसकी शीक.

डिम्फना

◆

क्लूनबेग,
१५ जुलै

डिम्फना,

तीन आठवडे हे पत्र लिहितोय. चार वेळा चुलीत टाकलं.

नववं पान मला उतरवून द्यायची गरज नव्हती. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. मेच्या शेवटच्या रविवारी कुंपण तपासत नदीकडून आलो. तुम्ही आत बिशपपाशी बसता असं तीन उन्हाळे मी समजत होतो. तर तुम्ही उत्तरेला. सायकली आडव्या टाकलेल्या. तो टोबिन जमिनीतून दगड उपटत होता, ओढून निघेना तर बुटाच्या टाचेनं मारत होता. चार दगड उपटले, त्यांची चूल मांडली आणि तुम्ही त्यावर चहा उकळलात. तू म्हणालीस, "वा, कशी आयती चूल." फिलोमिना ब्रेडला लोणी लावत होती आणि हसत होती.

मी भिंतीमागे उभा होतो. मला बाहेर येता आलं नाही. तुम्ही गेल्यावर गेलो तर दगड अजून गरम होते. जागेवर परत ठेवले. दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं.

उत्तरेला काय आहे हे तुला कळायला हवं होतं. तू शिकलेली. मठाच्या आतलं प्रत्येक अक्षर तू वहीत उतरवून घेतलंस, कुठल्या बिशपला कुत्रा होता तेही. बाहेरच्या दगडांवर अक्षरं नाहीत म्हणून त्यांच्यावर बसलीस. बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं कुठे ठेवायचे, तुला माहीत नव्हतं?

आमची मुलगी तिथे आहे. १९४९, नोव्हेंबर. तुला एवढंच कळलं होतं की मूल राहिलं नाही. तू पत्रात लिहिलंस, देवाची इच्छा. त्या वेळचे फादर म्हणाले, पवित्र जमिनीत नाही, कॅनिस, तुला जागा माहीत आहे. फिलोमिना आठ दिवस तापात होती. सुईणीनं गुंडाळून दिलं. लोण्याची रिकामी पेटी होती, त्यात ठेवलं. माझ्या सायकलला कॅरिअर नव्हतं. तू त्या आठवड्यात तुझी सायकल आमच्याकडे ठेवून गेली होतीस. पहाटे, दूध काढायच्या आधी, मी तुझ्या सायकलच्या मागे पेटी बांधली, दांड्याला कुदळ बांधली आणि नदीकाठानं गेलो. नंतर तू मला दोन पानी पत्र लिहिलं होतंस, सायकल चिखलात लोळवून परत दिली म्हणून. आठवतंय का बघ.

तेव्हा त्या वाटेवरून पेटी गेलेली नाही असं मी लिहिलं ते खोटं. बाबांची गोष्ट खरी असेल तर ती वाट चोवीस वर्षांपूर्वीच जगाची झाली, आणि मीच केली. पण तुझ्या सायकलवाल्यांच्या चहासाठी नाही केली.

हे कुणाला सांगायचं नाही. पत्र जाळून टाक.

कॅनिस

◆

किलब्रॅकन,
२० जुलै

प्रिय फिलोमिना आणि कॅनिस,

तुम्हा दोघांना एकत्र लिहितेय, कारण मी दोघांचीही गुन्हेगार आहे. कॅनिसचं पत्र मी जाळलं. टोबिनला कळणार नाही, गावातल्या कुणालाच कळणार नाही. पण तुझ्याशी न बोलता मला राहवेना, फिलोमिना.

मला माझीच इतकी चीड आली आहे की आरशात बघवत नाही. सासष्ट वर्षांची बाई, शाळेत इतिहास शिकवला, नदीकाठचा एकेक दगड वाचत हिंडले आणि माझ्या भाचीच्या छातीवर बसून हॅमचं सँडविच खाल्लं. उत्तरेची बाजू, लहान दगड, अक्षरं नाहीत. ही खूण कुठल्याही शेतकऱ्याला कळते. मला कळली नाही, कारण मी अक्षरं शोधत होते. वाचनालयातून आणि पोस्टातून पुस्तिकेच्या एक्काहत्तर प्रती परत आणल्या आणि नववं पान हातानं फाडलं. बाकीच्या गेल्या त्या गेल्या.

आणि त्या फादरांची चीड येते. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी काल चर्चमध्ये गुडघ्यावर बसून दिल्या.

पण सगळ्यात जास्त मला तू आठवतेस, फिलोमिना. तीन उन्हाळे तू किटली घेऊन आमच्यामागे आलीस. स्वतःच्या लेकीच्या शेजारी बसून आम्हा मूर्खांना चहा ओतलास आणि चकार शब्द काढला नाहीस. टोबिननं दगड उपटले तेव्हाही तू लोणी लावत राहिलीस. एवढं बळ कुठून आणलंस? मी असते तर किटली त्याच्या डोक्यात घातली असती. मला माफ कर म्हणायचीही माझी लायकी नाही.

१९ तारखेला मी येणार नाही. सायकली येणार नाहीत. कुलूप असू दे.

कॅनिस, तू मात्र पेटीच्या कायद्याची कथा कशाला रचलीस? पहिल्याच पत्रात दोन ओळी लिहिल्या असत्यास तर मी गुडघ्यावर चालत आले असते.

तुमची,
डिम्फना

◆

क्लूनबेग,
६ ऑगस्ट

डिम्फना,

पाकिटावर माझं नाव आधी होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तुमच्या घराण्यातून आलेल्या पत्रावर माझं नाव पहिल्यांदाच आधी आलं, म्हणून मी ते उघडलं. कॅनिस गुरांच्या बाजाराला गेला होता. चुलीवर जॅम होता. तो करपला, पातेलं टाकून द्यावं लागलं.

तू माझ्या बळाचं कौतुक केलंस. कसलं बळ? मला माहीतच नव्हतं. मी ब्रेडला लोणी लावत होते कारण लोक भुकेले होते.

मला कुणी सांगितलं नाही. तापातून उठले तेव्हा विचारलं, तर सुईण म्हणाली, चांगल्या ठिकाणी आहे, आता विचारू नकोस. कॅनिसला विचारलं तर तो दूध काढायला गेला. मग मी विचारायचं सोडलं. शहरातल्या दफनभूमीच्या मागच्या भिंतीबाहेर अशी मुलं ठेवतात असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. दर नोव्हेंबरला मी बसनं शहरात जाते, तुला सांगते लोकर आणायला जाते, आणि त्या भिंतीपाशी मेणबत्ती लावते. तेवीस मेणबत्त्या मी दुसऱ्याच कुणाच्या मुलांना लावल्या. बसमधून उतरल्यावर तुझ्याकडे चहाला यायचे. तूही कधी विचारलं नाहीस की एवढी लोकर मी करते काय.

पत्र मी कॅनिसच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं वाचलं. म्हणाला, "तुला त्रास होऊ नये म्हणून."

मी म्हटलं, "कुणाचा त्रास वाचवलास? माझा की तुझा?"

मी ताट उचललं आणि कुत्र्याला घातलं. सव्वीस वर्षांत असं केलं नव्हतं.

सकाळी त्याला म्हटलं, किल्ली घे आणि चल. नदीकाठानं तो माझ्यापुढे भराभर चालला. अ‍ॅशच्या झाडाखाली जाऊन थांबला. म्हटलं, "दाखव." बारा दगड आहेत तिथे. त्यातल्या चारांवर काजळी. तो त्या चारांपैकी एकावर गेला, सपाट, मधून पांढरी रेघ. "हा. नदीतून मी आणला होता."

मी गुडघे टेकले तर तो म्हणाला, "थांब, फिलोमिना. दगड हा आहे. जागा ही आहे का ते मला माहीत नाही."

तुला त्यानं लिहिलं होतं म्हणे की दगड जागेवर परत ठेवले. अंदाजानं ठेवले होते. तुम्ही जमीन इतकी तुडवली होती की खळगेही उरले नव्हते. चोवीस वर्षं त्याला डोळे मिटून जागा सापडायची. मेच्या शेवटच्या रविवारनंतर नाही. आणि त्याआधी कुठल्याही दिवशी तो मला हात धरून तिथे नेऊ शकत होता आणि त्यानं नेलं नाही. तुम्ही दोघं उन्हाळाभर एकमेकांच्या अंगावर पत्रं फेकत होता, फाटक कुणाचं, वाट कुणाची, तुझी पेटी कुठून जायची. माझी मुलगी तुमच्या दोघांच्या मधे हरवली.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. त्याला सांगून झालंय.

किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात आहे. कबरींच्या रविवारी फाटक उघडं राहील. नवे फादर येतील, त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलंय की आधी उत्तरेला यायचं आणि बाराच्या बारा दगडांवर पाणी शिंपडायचं. ते म्हणाले, बिशपना विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, तोवर मी तिथेच बसून राहीन. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, येतो.

तू यायचंस. घरी बसून स्वतःच्या तोंडात मारून घेणं फार सोपं आहे. बावीसच्या बावीस सायकली आण. टोबिनला आण, त्याच्या बुटांसकट. फाटकापासून सायकली हातात धरून चालायचं. तिथे सगळ्यांसमोर, तुझ्या त्या शाळेतल्या आवाजात, तू नववं पान वाचायचंस. फाडलेल्यांपैकी एक तुझ्याकडे असेलच. मग त्या जागी खरं काय आहे ते सांगायचंस. बारा दगड म्हणजे बारा घरं. त्यातल्या काही बाया अजून जिवंत आहेत, दर वर्षी आत जाऊन आईबापांच्या कबरींवर फुलं ठेवतात आणि उत्तरेला पाहत नाहीत. मी त्यांना ओळखते. एकीच्या दुकानातून तू पोस्टाची तिकिटं घेतेस. त्यांना ही वाट कायमची मोकळी हवी आहे. तुझी पेटी नदीकाठानंच येईल, कॅनिसला आवडो न आवडो. पण तू लवकर मरू नकोस, आधी हे काम कर.

कुठला तुकडा तिचा ते कळत नाही, म्हणून मी सगळ्यांचं गवत काढते. रोज दुपारी जाते. काल कॅनिस मागून आला. मग त्यानं विचारलं, तिला काही नाव होतं का.

चोवीस वर्षांनी विचारलं. तू अजूनही विचारलेलं नाहीस. मी ते तिला नेण्याआधीच ठेवलं होतं. ईटा. ईटा शॉर्टल. तुझ्या वहीत उतरवून घे.

फिलोमिना